रोज रस्त्यावर, वर्षातून तीन-चारदा ट्रॅकवर: स्पोर्ट्स कारला टायर कोणते घ्यावेत आणि ते सांभाळावेत कसे?

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात राहणाऱ्या एका वाचकाकडे दोन दारांची, मागच्या चाकांना ताकद मिळणारी (रिअर-व्हील ड्राइव्ह) स्पोर्ट्स कार आहे. वजन दीड टनाच्या आसपास, टायर पुढे २४५/३५ आर१९ आणि मागे २६५/३५ आर१९ (रुंदी मिलीमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत). गाडी रोज वापरात असते आणि वर्षातून तीन-चार वेळा चेन्नईजवळच्या ट्रॅकवर न्यायची आहे, तीही चालवतच. सेमी-स्लिक (कमी चरांचे, ट्रॅकसाठीचे टायर) घ्यावेत का, एकाच संचात भागेल का आणि हवा किती ठेवायची, एवढं त्यांना विचारायचं आहे.

आधी हिशेब करू. कोल्हापूरहून राष्ट्रीय महामार्ग ४८ धरला की बेळगाव, हुबळी, बेंगळुरू करत त्याच रस्त्यावर श्रीपेरुंबुदूरच्या पुढे इरुंगट्टुकोट्टई येतं. मद्रास इंटरनॅशनल सर्किट तिथेच आहे, लांबी सुमारे ३.७ किलोमीटर. जायला नऊशे किलोमीटरच्या वर, म्हणजे जाऊन-येऊन अठराशे. ट्रॅकवर पंधरा-पंधरा मिनिटांची पाच सेशन्स मिळाली, तर एका दिवसात जेमतेम सव्वाशे किलोमीटर होतात. टायर निवडायचा तो या अठराशे किलोमीटरांसाठी. सव्वाशे किलोमीटर त्याच टायरकडून नीट करून घेता येतात. उलटं जमत नाही.

त्यामुळे सेमी-स्लिक नको, निदान या टप्प्यावर तरी. मिशलिन पायलट स्पोर्ट कप २, नानकांग एआर-१, टोयो आर८८८आर ही मंडळी कोरड्या, तापलेल्या डांबरावर अफाट पकडतात. पण नवीन असतानाच त्यांची खाच साध्या स्पोर्ट टायरपेक्षा उथळ असते आणि पाणी बाहेर फेकायला चरही कमी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर काय असतं ते वेगळं सांगायला नको. गगनबावड्याकडे किंवा राधानगरीकडे निघालात तर रस्त्यावरून वाहणारं पाणी नेहमीचंच. त्यात एक गोष्ट बरेच जण विसरतात. दसरा-दिवाळीला आपला पाऊस संपतो, पण तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. कोल्हापुरातून लख्ख उन्हात निघालेली गाडी वेल्लोरच्या पुढे मुसळधार पावसात सापडू शकते, आणि परतीच्या वेळी तर टायर ट्रॅकवर घासून आणखी उथळ झालेले असतात. तारीख निवडण्याची मुभा असेल तर जानेवारी-फेब्रुवारी धरा. हवा थंड, रस्ता कोरडा, टायरही कमी तापतात.

सेमी-स्लिकची दुसरी अडचण अशी की ते थंड असताना रबर कडक असतं. ट्रॅकवर दोन लॅप्समध्ये येणारं तापमान आंबा घाटात शहाण्या वेगाने चालवून कधीच येत नाही. म्हणजे रोजच्या वापरात तुम्ही महागडा, आवाज करणारा आणि प्रत्यक्षात कमी पकडणारा टायर वागवत असता.

तुमच्यासाठी योग्य वर्ग म्हणजे वरच्या दर्जाचा उन्हाळी (म्हणजे बर्फासाठी नसलेला, पावसात चालणारा) स्पोर्ट टायर: मिशलिन पायलट स्पोर्ट ४एस, कॉन्टिनेंटल स्पोर्टकॉन्टॅक्ट, पिरेली पी झिरो यांच्या तोडीचा. याच्यावर एक पायरी आहे, ट्रेडवेअर (टायर किती टिकेल याचा साइडवॉलवरचा आकडा, कमी म्हणजे लवकर झिजणारा) २०० च्या आसपासचे टायर: योकोहामा ॲडव्हान एडी०९, ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-७१आरएस वगैरे. उष्णता ते जास्त सोसतात आणि पावसात अगदीच हात वर करत नाहीत, पण महामार्गावर लवकर झिजतात. वर्षाला पाच-सहा ट्रॅक दिवस होऊ लागले की त्यांचा विचार करा. ट्रेडवेअरचा आकडा कंपनी स्वतःच ठरवून छापते, त्यामुळे एका कंपनीच्या २०० ची दुसऱ्या कंपनीच्या २०० शी तुलना करण्यात फारसा अर्थ नाही.

खरेदी करताना साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, नीट वाचा. २४५/३५ आर१९ वर लोड इंडेक्स ९३ म्हणजे टायरमागे ६५० किलो, २६५/३५ आर१९ वर ९८ म्हणजे ७५० किलो. दोन्हीवर ‘एक्सएल’ (जादा भार पेलणारा) हवं. वाय हे वेगाचं अक्षर म्हणजे ताशी ३०० किलोमीटर. तयार झाल्याची तारीख चार आकड्यांत असते: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. आपल्याकडे हा आकडा पाहणं जास्तच गरजेचं आहे. जून २०२० पासून नव्या टायरची आयात ‘मुक्त’ यादीतून ‘प्रतिबंधित’ यादीत गेली, शिवाय मोटारीच्या टायरवर आयएसआय चिन्ह लागतं. त्यामुळे कमी खपाच्या मापांचा माल दुकानात पडून राहतो. दोन वर्षांहून जुना टायर ट्रॅकसाठी घेऊ नका, सूट कितीही असो. बीएमडब्ल्यूसाठीचा तारा, मर्सिडीजचं एमओ, पोर्शेचं एन अशी खूण असलेला टायर नावाने तोच असला तरी आतून वेगळा असू शकतो. पुढे खुणेचा आणि मागे बिनखुणेचा अशी सरमिसळ करू नका.

दुसऱ्या संचाचा विचार कधी करायचा? ट्रॅकच्या झिजेमुळे वर्षाला एक पूर्ण संच संपायला लागला तर. तेव्हाही नुसते टायर नकोत, रिमसकट घ्या. दर वेळी टायर रिमवरून उतरवून चढवले की कडेचा बीड दुखावतो आणि बॅलन्सिंगचं काम वाढतं. ब्रेकच्या कॅलिपरला जागा मिळत असेल तर १८ इंची रिम सोयीची, कारण त्या मापात निवड जास्त आणि भाव कमी. पुढे २४५/४० आर१८ चा व्यास ६५३ मिलीमीटर येतो, तुमच्या आताच्या टायरचा ६५४. मागे २६५/४० आर१८ चा ६६९, आताच्याचा ६६८. पुढचं-मागचं गुणोत्तर जवळपास तेच राहतं, त्यामुळे एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोल गोंधळत नाहीत. मागे चुकून २६५/३५ आर१८ घेतला तर व्यास ६४३ वर येतो, मागचं चाक पुढच्यापेक्षा लहान होतं आणि डॅशबोर्डवर दिवे लागू शकतात. ब्रेक डिस्क ४०० मिलीमीटरच्या असतील तर १८ इंची बहुधा बसणारच नाही. विकत घेण्याआधी एक रिम लावून बघा.

रिमचा मधला भोक हबपेक्षा (गाडीचा तो भाग, ज्यावर चाक बसतं) मोठा असेल तर मधली फट भरणारी हब रिंग लागते. हे काम कोल्हापुरात जितकं सोपं आहे तितकं क्वचितच कुठे असेल. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतला कुठलाही सीएनसीवाला हब आणि रिम मोजून ॲल्युमिनियमची रिंग बरोब्बर मापात काढून देतो. प्लास्टिकच्या रिंगा ट्रॅकवर ब्रेकच्या उष्णतेने मऊ पडतात.

चारही चाकं दोन दारांच्या गाडीत मावत नाहीत, हे उघडच आहे. ट्रान्सपोर्टने आधी पाठवायची किंवा गाडीच ट्रकवर न्यायची. दोन्ही जमणार नसेल तर दुसऱ्या संचाचा विषय तिथेच संपतो.

आता हवा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा थंड टायरसाठी आणि रस्त्यासाठी असतो. ट्रॅकवर टायर तापला की दाब चढतो. सकाळी ३० अंशांना ३२ पीएसआय भरलेली हवा टायरच्या आत ७० अंश झाली की ३८ च्या जवळ जाते. म्हणून ट्रॅकवर गरम असतानाचा दाब लक्ष्य धरतात आणि थंड आकडा त्यावरून मागे मोजतात. तुमच्या वजनाच्या गाडीला वरच्या वर्गातल्या रस्त्याच्या टायरसाठी गरम दाब ३६ ते ३७ पीएसआय पासून सुरुवात करा. २०० ट्रेडवेअरच्या टायरला ३४ ते ३५, सेमी-स्लिकला ३२ ते ३३. ही सुरुवात आहे, शेवटचा आकडा टायर सांगतो.

तिथे पोहोचल्यावर आदल्या संध्याकाळी गाडी सावलीत लावा आणि सकाळी पहिल्या सेशनआधी, ऊन चढण्यापूर्वी, चारही चाकांची हवा मोजा. कोल्हापुरात भरलेला आकडा तिथे तसाच दिसणार नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर आहे आणि चेन्नई जवळपास समुद्रपातळीला. बाहेरच्या हवेच्या दाबात तेवढ्याने सुमारे ०.९ पीएसआयचा फरक पडतो, त्यामुळे तेच तापमान असताना गेज तिथे जवळजवळ एक पीएसआय कमी दाखवतं. टायर गळतोय असं समजून घाबरू नका. घरून नेलेला आकडा डोळे झाकून धरू नका, एवढाच त्याचा अर्थ.

पहिल्या सेशनला रस्त्याच्या टायरमध्ये थंड ३० ठेवा. २८ च्या खाली जाऊ नका. साइडवॉल दुमडते आणि टायर खांद्यावर, म्हणजे ट्रेडच्या बाहेरच्या कडेवर, चालू लागतो. सेशन संपवून पिटमध्ये आलात की एक-दोन मिनिटांच्या आत मोजा आणि लक्ष्यापेक्षा जास्त असलेली हवा सोडा. वळणांनी जास्त लोड झालेली बाजू दोन-तीन पीएसआय जास्त चढलेली दिसेल. ट्रॅक घड्याळाच्या दिशेने चालवत असतील तर उजवी वळणं जास्त, म्हणून डावा पुढचा टायर सगळ्यात तापतो. चारही चाकं गरम असताना सारखी केली की थंड झाल्यावर आकडे असमान दिसतात, ते तसेच हवेत. वहीत दोन्ही लिहा: थंड किती, गरम किती, बाहेरचं तापमान किती. पुढच्या वेळी ही वहीच अर्धं काम करते.

आणि परत निघण्याआधी चारही चाकांत दाराच्या चौकटीवरचा पूर्ण दाब भरा, टायर थंड झाल्यावर. दिवसभर सोडून सोडून थंड दाब २७-२८ वर आलेला असतो. त्याच हवेवर सामानासह, दुपारच्या उन्हात नऊशे किलोमीटर महामार्ग कापला तर साइडवॉल सतत दुमडून आतून तापते आणि टायर फुटतो. ट्रॅकवर टायर फुटला तर बाजूला खडीचा पट्टा असतो. इथे बाजूला ट्रक असतो. स्वतःचा बारा व्होल्टचा कंप्रेसर आणि अर्ध्या पीएसआयपर्यंत मोजणारा डिजिटल गेज गाडीत ठेवाच. पंपावरच्या मीटरवर विसंबू नका.

नायट्रोजनबद्दल नेहमी विचारलं जातं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. फरक पडतो तो ओलाव्याचा: पाण्याची वाफ गरम झाल्यावर दाब जास्त आणि बेभरवशाने चढवते. पावसाळ्यात पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी काढलेलं नसेल तर ते थेट तुमच्या टायरमध्ये जातं. टाकीचं पाणी काढलेला, ड्रायर लावलेला कंप्रेसर असेल तर साधी हवा पुरे.

दाब बरोबर आहे का हे तापमानावरून कळतं. सुईचा पायरोमीटर (तापमापक) रबरात एक-दोन मिलीमीटर घुसवून आत, मध्ये, बाहेर अशा तीन जागी मोजा. फाउंड्र्यांच्या गावात तापमान मोजायचं साधन मागून मिळायला अडचण नाही, पण लांबून लाल ठिपका टाकणारं इन्फ्रारेड यंत्र फक्त पृष्ठभाग दाखवतं आणि तो काही सेकंदांत निवतो. मधली पट्टी दोन्ही कडांपेक्षा गरम असेल तर हवा जास्त. दोन्ही कडा गरम आणि मधली थंड, तर हवा कमी. बाहेरची कड आतल्यापेक्षा गरम, तर कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकण्याचा कोन, तो उण्यात मोजतात) कमी. आतली कड बाहेरच्यापेक्षा पाच ते दहा अंश जास्त असणं चांगलं. रस्त्याच्या टायरला ६० ते ९० अंश मानवतात. शंभराच्या वर तो साबणासारखा सरकू लागतो आणि खांद्यावरचे ठोकळे तुकड्यांनी निघतात. साधन नसेल तर पांढऱ्या बूट पॉलिशने खांद्यावर, ट्रेड संपून साइडवॉल सुरू होते तिथे, आडवी रेघ ओढा. सेशननंतर ती खांद्यावरच्या छोट्या त्रिकोणी खुणेच्या खालपर्यंत पुसली गेली असेल तर टायर लोळतोय.

जे टायर ट्रॅकवर ‘संपले’ म्हणून बदलले जातात, त्यातल्या बऱ्याच टायरांत आतली दोन तृतीयांश खाच शिल्लक असते आणि बाहेरची कड गोटा झालेली असते. कारण कारखान्यातून येणारा पुढचा कॅम्बर, जो बऱ्याच गाड्यांत उणे एक अंशाच्या आसपास असतो. पुढे उणे अडीच, मागे उणे दोन ही मिश्र वापराला चालणारी मापं. पुढचं सस्पेन्शन मॅकफर्सन स्ट्रट प्रकारचं असेल तर त्यासाठी बहुधा कॅम्बर प्लेट (स्ट्रटच्या वरच्या टोकाला लागणारी, कोन बदलू देणारी पट्टी) लागते आणि ती खड्ड्यांत खडखडते, हे आधीच मान्य करून घ्या. नेहमीची भीती अशी की एवढ्या कॅम्बरने महामार्गावर आतली कड जाईल. जाते, पण हळू. आतली कड खरी खातो तो टो, म्हणजे वरून पाहता चाकांची टोकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन. पुढे एकूण टो शून्य ठेवा, मागे दहा ते वीस मिनिटं आत. ट्रॅकवाले सुचवतात तसा पुढे टो-आउट अठराशे किलोमीटरच्या प्रवासाला परवडत नाही.

अलाइनमेंट करताना चालकाच्या जागी तुमच्या वजनाएवढी पोती ठेवायला सांगा, टाकी अर्धी असू द्या आणि आधीची-नंतरची अशा दोन्ही प्रिंट मागा. प्रिंटवर २°३०′ म्हणजे अडीच अंश, २.३ नव्हे, मिनिटं साठात मोजतात. या एका गोष्टीवरून दोन दुकानांच्या मापांत ‘फरक’ निघतो आणि विनाकारण भांडण होतं.

तुमची मापं पुढे-मागे वेगळी असल्यामुळे चाकं पुढची मागे करता येत नाहीत. असममित टायर डावा-उजवा बदलता येतो, कारण ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेरच राहते. दोन ट्रॅक दिवसांनंतर हा बदल करा, झीज वाटली जाते. चारही चाकांना २५५/३५ आर१९ घालण्याची पद्धतही आहे. त्यात गाडीचं नाक वळणात जास्त पटकन आत शिरतं आणि चाकं पुढे-मागे फिरवता येतात, पण चारही रिम एकाच रुंदीच्या लागतात आणि मागचा भाग लवकर सुटतो. पहिल्या वर्षी नको.

नवे टायर थेट ट्रॅकवर नेऊ नका. दोन-तीनशे किलोमीटर रस्त्यावर चालवा, मग पहिल्या सेशनला चार-पाच लॅप्स हळूहळू वेग वाढवत, आणि जमलं तर त्यानंतर चोवीस तास विश्रांती. पहिल्यांदा तापून निवताना रबराचे आतले बंध नीट बसतात. पुढे दर वेळी तापून निवताना तेच रबर थोडं थोडं कडक होत जातं. म्हणून ट्रॅकचा टायर खाच शिल्लक असतानाही मरतो. हाताला शोअर-ए ड्युरोमीटर (रबराचा कडकपणा मोजणारं साधन) मिळाला तर नव्या टायरचा आकडा लिहून ठेवा. तो आठ-दहा अंकांनी चढला की चांगल्या लॅप टाइमची अपेक्षा सोडा.

सेशनमध्ये आउट लॅप (पिटमधून निघाल्यावरचा पहिला) आरामात, मग तीन-चार वेगवान लॅप्स, मग एक निवण्याचा. रस्त्याचा टायर पूर्ण पंधरा मिनिटं जोरात चालवायला बनलेला नाही. स्टिअरिंग वळवूनही नाक बाहेर जायला लागलं की आणखी वळवू नका, वेग कमी करा. जास्त वळवण्याने बाहेरचा खांदाच किसला जातो. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका. पाच मिनिटांनी गाडी अर्धा चाक पुढे ढकला, म्हणजे टायर एकाच जागी शेकत बसत नाही.

नटांचा टॉर्क पहिल्या सेशननंतर आणि परत निघताना तपासा. जर्मन गाड्यांत साधारण १२० ते १४० न्यूटन मीटर असतो, गाडीच्या पुस्तकातला आकडा प्रमाण. पकड वाढली की ब्रेकवरही ताण वाढतो. उकळबिंदू जास्त असलेलं ताजं ब्रेक ऑइल नसेल तर टायरवरचा खर्च फुकट. आणि मोटार विम्याच्या अटींत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, हेही वाचून घ्या.

पंक्चरचं गणित आपल्या भागात वेगळं आहे. एमआयडीसीच्या रस्त्यांवर लेथ-सीएनसीचा बुरा पडलेला असतो, आणि मऊ रबरात ती वळलेली पोलादी चिप सहज रुतते. ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॉल्यांमधून पडलेला चिखल, पाला, तारा यांची भर. निघण्याच्या आदल्या दिवशी गाडी उचलून चारही टायर बोटांनी फिरवून बघा. बाहेरून दोरी घातलेला टायर घरी परतायला ठीक, ट्रॅकवर नाही. आतून मशरूम पॅच लावलेला रस्त्यावर निश्चिंत चालवा. खांद्यावर किंवा साइडवॉलवर भोक असेल तर टायर गेला.

निघताना किती खाच असावी? कायद्याची मर्यादा १.६ मिलीमीटर, पण तुम्ही चार मिलीमीटरच्या खाली निघू नका. एका दिवसात बाहेरच्या खांद्यावर एक-दीड मिलीमीटर सहज जाऊ शकतो, आणि परतीला पाऊस लागला तर उरलेल्या अडीचवर पाणी कापायचं असतं. मोजमाप तीन जागी घ्या. मधल्या खाचेचा आकडा खांद्याबद्दल काही सांगत नाही.

हुपरी रस्त्यावरच्या कार्टिंग ट्रॅकवर जाऊन सराव करणार असाल तर जरूर करा. कार्टचे टायर वेगळे, पण दाबात एक-दोन पीएसआय बदलला की पकड कशी बदलते हे तिथे एका दुपारी हाताला कळतं, तेही स्वतःचे टायर न घासता.

दुसरा संच घेतलाच तर तो ठेवायची जागा नीट निवडा. वर्कशॉपच्या शेडमध्ये वेल्डिंग आणि मोटारींच्या ठिणग्यांमुळे ओझोन तयार होतो, त्याने रबराला बारीक चिरा पडतात. घरातली अंधारी, कोरडी खोली बरी. काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळा, खाली प्लायवूड घाला, रिमसकट असतील तर आडवे एकावर एक ठेवून हवा पंधरा पीएसआयवर आणा. टायर चमकवायचं तेल अजिबात लावू नका, आणि प्रत्येक टायरच्या आतल्या बाजूला खडूने चाकाची जागा आणि तारीख लिहा.